सातवी कमान

माद्रिदच्या कचेरीतून आलेल्या त्या पत्राला एलादिओने उत्तर दिलंच नव्हतं. साहेबांनी लिहिलं होतं, गावच्या चर्चची दगडी ओसरी विकली गेली आहे. दगडांवर आकडे घाला, नकाशा पाठवा, म्हणजे समुद्रापलीकडच्या खरेदीदाराला ती तिकडे उभारता येईल. फक्त ओसरीची सातवी कमान अरुंद आहे, बेढब दिसते. नकाशात ती बाकीच्यांएवढी करून टाका.

एलादिओ म्हणजे कचेरीने नकाशा काढायला गावात धाडलेला, पुस्तकांत रमणारा, लाजरा तरुण. पत्र खिशात ठेवून तो रोज सकाळी गेरूने आकडे घालत राहिला. आणि रोज संध्याकाळपर्यंत ते आकडे गायब!

एकदा भर दुपारी, सारं गाव जेवून झोपलेलं असताना, तो विसरलेली मोजपट्टी न्यायला आला. टप्पकन मानेवर पाणी पडलं. वर पाहिलं तर शिडीवर एक मुलगी... हातात ओलं फडकं, गालावर गेरूचा फराटा.

"अहो—काय करताय?"

"धुतेय. तुम्ही घाण करता, मी धुते."

"रोज?"

"रोज. मी कसिल्दा. घंटा वाजवणाऱ्यांची लेक. जा, सांगा तुमच्या साहेबांना!"

तो गेला नाही. शिडी डगमगत होती, म्हणून त्याने ती धरली. निदान स्वतःला तरी त्याने तसंच सांगितलं.

मग दुपारची झोप दोघांचीही सुटली. तापलेल्या दगडांना रानातल्या ओव्याचा वास यायचा. ती पुसायची, तो शिडी धरायचा.

"ही सातवी अशी का?" त्याने विचारलं.

"आठशे वर्षांपूर्वी इथे अक्रोड होता. गवंडी म्हणाले, तोडा. बायका म्हणाल्या, सावली आमची आहे, कमान आखडून घ्या. झाड कधीच गेलं. कमान अजून अंग चोरून उभी आहे."

"पण याला पुरावा..."

"कमान आहे की! का झाडाचा दाखला हवा?"

तो हसला. "बाकी कमानींना खांबांच्या जोड्या आहेत. इथे एकच."

"तुमच्यासारखा," ती म्हणाली, "एकटा आणि गप्प."

त्याचे कान तापले. त्या भरात त्याने पत्राचं सांगून टाकलं. फडकं थांबलं.

"मग तुम्ही काय कळवलंत?"

"काहीच नाही..."

"काहीच नाही म्हणजे हो." ती उतरली आणि वळूनही न बघता निघून गेली.

दुसऱ्या दुपारी शिडी रिकामी होती. आकडे जिथल्या तिथे, ठळक. त्या आकड्यांकडे एलादिओला बघवेना.

रविवारी प्रार्थना संपून लोक बाहेर आले, तर एलादिओ बादली घेऊन शिडीवर! बाह्या भिजलेल्या, तोंड लालेलाल.

"अहो, नोकरी जाईल!" गावचे प्रमुख ओरडले.

"जाऊ दे!" तोही ओरडला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यालाही आजच कळलं.

गर्दीतून कसिल्दा पुढे आली. शिडी धरून म्हणाली, "खालून वर पुसतोस होय, वेंधळ्या? सगळा गेरू ओघळतोय."

पहिल्यांदाच ती 'तू' म्हणाली होती.

मग ओसरीच्या कट्ट्यावर बसून त्याने उत्तर लिहिलं. ती खांद्यावरून मोठ्याने वाचू लागली. "कमान रुंद होणार नाही. नकाशा मिळणार नाही. मी इथेच राहतो आहे. कारण खाजगी आहे... खाजगी? ते तर पोस्टमनच्या खेचरालाही ठाऊक आहे! खोड."

त्याने खोडलं. थांबला. मग लिहिलं, 'कारण कसिल्दा.'

तिने वाकून त्या शब्दांवर फुंकर घातली, शाई वाळेपर्यंत.

"ते दुसरा माणूस पाठवतील," तो हळूच म्हणाला.

"पाठवू देत. विहिरीला पाणी मुबलक आहे."

तंबाखूच्या दुकानाशी टपालपेटी होती. तिने तिकीट जिभेने ओलं केलं, त्याने अंगठ्याने दाबलं.

"एकदा टाकलं की परत काढता येत नाही हं," ती म्हणाली.

"म्हणून तर टाकतोय," एलादिओ म्हणाला, आणि पाकीट सोडून दिलं.