महादेवप्पांची चावी

लातुरात गंजगोलाईच्या मागं एका बोळात गफूरभाईंचं घड्याळाचं दुकान आहे. दुकान कसलं, एक काउंटर, एक स्टूल आणि मागं भिंतभर टांगलेली घड्याळं, त्यातलं एक दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. लोक विचारतात, भाई, ह्यातली खरी वेळ कोणती? भाई म्हणतात, मोबाईलमध्ये बघा की, मला कशाला विचारता. माणूस असा सरळ. नमाज-रोजा सगळं पाळणारा, पण ताईत, उतारा, वारंबिरं असलं काही निघालं की हसून मान हलवणारा. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारा मुळातच भित्रा असणार.

उन्हाळा लागायच्या बेतात होता तेव्हा निलंग्याहून शिवशंकर नावाचा एक गृहस्थ आला. त्याचे वडील महादेवप्पा मास्तर दिवाळीच्या आधी वारले होते आणि त्यांचं मनगटी घड्याळ त्यानं रुमालात गुंडाळून आणलं होतं. जुनं स्विस घड्याळ, रोज चावी द्यावी लागणारं. भाईंनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि एकदम खूश झाले. काटे मूळचे, तबकडी मूळची, आत कुणा धसमुसळ्यानं हात घातलेला नाही. असं घड्याळ आताशा बघायलाच मिळत नाही.

झिजलं होतं ते एकच, चावी. म्हणजे घड्याळाच्या कडेला जे बारीक दातेरी बोंड असतं, चिमटीत धरून फिरवायचं, त्याला धंद्यात चावीच म्हणतात. मास्तरांच्या बोटांनी तिचे सगळे दाते खाऊन टाकले होते. चिमटीत धरलं की ती साबणाच्या वडीसारखी निसटायची. शिवशंकर म्हणाला, नवी बसवा, मला रोज वापरायचंय. जाता जाता मात्र त्यानं दारात थांबून हेही सांगितलं की आईला काही बदललेलं नको आहे, तिचा फोन आला तर तुम्हीच बघा बुवा.

आता इथंच खरी अडचण. गफूरभाईंच्या उस्तादांची शिकवण अशी होती की चालतोय तोवर मूळचा भाग काढायचा नाही. घड्याळाचा एकेक भाग बदलत गेलं की शेवटी नाव तेवढं जुनं उरतं. भाईंनी ही शिकवण आयुष्यभर पाळली होती आणि पाळत नाहीत त्यांना भर बाजारात शिव्याही घातल्या होत्या. पण ही चावी चालतच नव्हती. त्यांनी घड्याळ धुतलं, तेल दिलं, जुळवलं, आणि चावी द्यायला गेले तर बोटं नुसती घसरत राहिली. रबराचा तुकडा लावून बघितला, तोही घसरला. बघू उद्या, म्हणून बंद घड्याळ काउंटरच्या खणात ठेवलं आणि घरी गेले.

सकाळी खण उघडला तर घड्याळ चालू.

भाईंनी झाकण उघडून आतल्या स्प्रिंगच्या चाकाला पेचकसाचं टोक लावलं. स्प्रिंग गच्च भरली होती, आणखी एक दाताही पुढं सरकेना. हादऱ्यानं घड्याळ क्षणभर सुरू होतं हे त्यांना ठाऊक होतं, पण हादऱ्यानं स्प्रिंग भरत नाही. मग त्यांनी स्वतःलाच पटवलं की आपणच काल कशीतरी चावी दिली असेल, वय झालं, विसरलो. त्या दिवशी त्यांनी स्प्रिंग पूर्ण सोडून दिली, घड्याळ घरी नेलं, लोखंडी कपाटात ठेवलं आणि कपाटाची किल्ली सदऱ्याच्या खिशात घालून झोपले. पहाटे मशिदीतून येऊन कपाट उघडलं तर आत टिकटिक चाललेली. स्प्रिंग पुन्हा गच्च.

भीती वाटली हो त्यांना. आणि आपल्याला भीती वाटतेय याचा रागही आला. बायकोला, म्हणजे जोहराबींना सांगितलं, तर त्या भाकरी थापता थापता थांबल्या आणि म्हणाल्या, जसं आणलं तसं परत द्या, त्याला हातच लावू नका. दुपारी निलंग्याहून शिवम्मांचा फोन आला. मास्तरांची बायको. त्यांचंही तेच: जे हाय ते राहू द्या, भाऊ. का, ते विचारलं तर म्हातारीनं फोन ठेवून दिला. आणि संध्याकाळी शिवशंकरचा फोन, चाचा, झालं का काम?

भाई ते घड्याळ हातात धरून बराच वेळ बसले. उस्तादांचं ऐकावं तर चावी काढायचं कारणच उरलं नव्हतं, कारण घड्याळ रोज चालत होतं. कुणीतरी त्याला चावी देत होतं, आणि त्या कुणाला तरी हीच, झिजलेली चावी सवयीची होती. हे मनात आलं आणि भाईंनी चिमटा उचलला. वर स्वतःला सांगितलं की गिऱ्हाइकाला वापरायचंय, आपला धंदा आहे. खरं कारण मात्र भीती, हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

नवी चावी बसली, चांगली धारदार दात्यांची. स्प्रिंग सोडून ठेवलेलं घड्याळ दुसऱ्या सकाळी बंदच होतं. तिसऱ्याही. भाईंचा जीव भांड्यात पडला.

शिवशंकर घड्याळ न्यायला आला तेव्हा भाईंनी रीतीप्रमाणं काढलेली चावी कागदाच्या पुडीत बांधून पुढं केली. काढलेला भाग मालकाला परत द्यायचा, हा जुन्या कारागिरांचा नेम. शिवशंकर हसला, म्हणाला, मला काय करायचीय ती, टाकून द्या. झालं. अस्सल जुना भाग टाकून देणारा कारागीर अजून जन्मायचाय. भाईंनी पुडी सुट्या भागांच्या डब्यात ठेवली. हीच त्यांची चूक, आणि घड्याळवाल्याशिवाय ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीही नसती.

भाईंकडं त्यांची नात राहायची, इकरा. लोह्याला दिलेल्या लेकीची मुलगी. बारावी आणि डॉक्टरकीची परीक्षा, म्हणून लातुरात नानाकडं आलेली. दिवसभर ट्यूशन एरियात क्लास, घरी आली की पुस्तकात डोकं. मोबाईल बघितला की अभ्यास मोडतो म्हणून तिनं नानांकडून एक जुनं चावीचं घड्याळ मागून घेतलं होतं. पण चावी द्यायला ती कायम विसरायची, घड्याळ बंद पडायचं, आणि नाना करवादायचे. पोरीवर त्यांचा जीव होता. तिच्या सराव परीक्षेच्या तोंडावर त्या घड्याळाची चावीच तुटून पडली. भाईंनी डबा पालथा घातला. मापात बसणारी एकच निघाली.

ते थबकले, नाही असं नाही. भर दुपार होती, बोळात भाजीवाला ओरडत होता, समोरचा शिंपी शिवण मारत होता. असल्या उजेडात धातूच्या एवढ्याशा तुकड्याला भ्यायचं म्हणजे शरमच. त्यांनी ती बसवून टाकली. वर पोरीला बजावलंही, चावी झिजलेली आहे, रोज मीच भरून देत जाईन, आठवण कर.

इकरानं आठवण केली नाही. आणि भाईंच्याही ध्यानात राहिलं नाही, कारण घड्याळ बंद पडलंच नाही. आठवडा गेला, वर आणखी दिवस गेले. मग एकदा जेवताना भाईंनी सहज म्हटलं, हल्ली घड्याळ बंद पडत नाही तुझं.

"कसं पडंल, नाना? तुम्हीच तर रोज चावी देता."

भाईंचा घास हातातच राहिला. "मी?"

"पहाटं. मशिदीत जायच्या आधी. मी झोपेत असते, तुम्ही मनगट धरता आणि हळूहळू फिरवता. मला कळतं की." ती पाणी प्याली. "पण नाना, तुमचा हात लई थंड असतो हल्ली. डॉक्टरला दाखवा एकदा."

जोहराबींनी नवऱ्याकडं बघितलं आणि ताटावरून उठून आत गेल्या.

भाईंनी तिथल्या तिथं पोरीच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं. मनगटाला काही झालं नव्हतं. ओरखडा नाही, वळ नाही. त्यानं तर त्यांना जास्तच धडकी भरली. ओरखडे काढणाऱ्याला हाकलता तरी येतं.

रातोरात त्यातली ती चावी काढून पुडीत बांधली आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं ते निलंग्याला गेले. शिवशंकर कामावर होता. शिवम्मांनी दार उघडलं, कपाळावर विभूतीची बोटं, पाठीत वाकलेल्या. भाईंनी सगळं सांगितलं, न लपवता. पायातली वहाण काढून हात जोडले आणि म्हणाले, अम्मा, घड्याळ द्या, होती ती चावी परत बसवतो. शिवम्मांनी घड्याळ आणून दिलं. ते बंदच होतं. पोरगा दोन दिवस हौसेनं घालून विसरला होता. भाई ओसरीवर बसले आणि मूळची चावी मूळच्या जागी गेली.

"म्या सांगितलं होतं, काय बदलू नगा," शिवम्मा म्हणाल्या. "गेल्यावरबी पहाटं यायचे, चावी द्यायचे, जायचे. त्यांचं दुसरं मागणं न्हवतं."

"आता येतील ना इथं?" भाईंनी विचारलं. "चावी हाय ना आता?"

म्हातारीनं घड्याळ हातात घेतलं. "पोरीचा हात धरला होता म्हणता?"

"हाव."

"जल्मात त्यांनी कुणाचा हात धरला न्हाई. माझा न्हाई, पोराचा न्हाई. शाळा आन् घड्याळ, बस." तिनं घड्याळ पदराच्या टोकात बांधलं. "आता हात गावला त्यांना, व्हय."

परतीच्या एसटीत भाई तेच वाक्य उगाळत बसले. खिडकीबाहेर कुठलं गाव गेलं, त्यांना कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी ठरवलं, उद्या पोरीला लोह्याला पोचवायचं. परीक्षा तोंडावर आहे, असू दे. इकरा रडली, चिडली, वर्ष वाया जाईल म्हणाली. भाईंनी तिची पिशवी भरून दारापाशी ठेवली. तिच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, घरातली बाकीची सगळी त्यांनी दुकानात नेऊन ठेवली होती. चावी निलंग्यात होती. आता यायला कुणाला कारणच नव्हतं.

तरी पहाटे ते मशिदीत गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा जमातीची नमाज चुकवली. इकराच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले आणि तिचं मनगट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं.

बाहेर उजाडत होतं. नळाला पाणी आलं होतं, शेजारी कळशी भरल्याचा आवाज येत होता. जोहराबी आत जायनमाज अंथरून नमाजाला बसल्या होत्या.

मनगट ऊबदार होतं. नाडी नीट चालली होती. भाई मनातल्या मनात कलमा म्हणत होते.

मग खोलीत गारवा आला.

आपल्या हातावर कुणाचा तरी हात आहे, हे त्यांना कळलं. दिसत काहीच नव्हतं. कोरडा, म्हाताऱ्या माणसाचा हात. त्यात जोर नव्हता, राग नव्हता. वर्गात पोराच्या मुठीतला खडू काढून घ्यावा तसं त्या हातानं भाईंचं एक बोट उचललं आणि बाजूला केलं. मग दुसरं. मग तिसरं.

भाईंनी सगळा जोर लावला. बोटं उचलली जातच राहिली.

इकरानं झोपेतच कूस बदलली, मोकळं झालेलं मनगट पुढं केलं, आणि डोळे न उघडता पुटपुटली,

"आज उशीर केला, नाना."