उपडी शिंपली

आमच्या तोंडवलीच्या फुटबॉल टीमला पंचवीस वर्षं झाली आणि स्मृतिचषकाला कुणाचं नाव द्यायचं यावरून वाद पेटला. सर्वांत चांगल्या कोचचं नाव द्यायचं, एवढं एका मिनिटात ठरलं. चांगला कोण, हे ठरेना. तीन रविवार आम्ही सुरूच्या सावलीत लवूच्या टपरीवर बसून चहा थंड होईपर्यंत भांडलो.

लवू टीमचा जुना कॅप्टन. त्याचा उमेदवार भाई सर. शाळेत पीटी शिकवायचे, गेल्या वर्षी वारले. शिट्टी, वही, घड्याळ, सगळं जागच्या जागी, आणि तालुक्याचे तीन कप. माझा उमेदवार तुकाराम. मासेमारीच्या होडीवरचा तांडेल. कप एकच. आठ वर्षांपूर्वी त्याची होडी सापडली, तो सापडला नाही.

"एकच कप रे, सत्यवान," लवू म्हणायचा. "तू मोजणीवालो मा? मग मोज."

मी मोजणीवाला खरा. मालवणला जमिनी मोजण्याची नोकरी करतो आणि टेपवर दिसेल तेवढंच मानतो. कधी खेळलो नाही, पण टीमच्या सगळ्या नोंदी माझ्याच वहीत आहेत. तरी माझं मन भाई सरांकडे जाईना, कारण मी तुकारामची पद्धत पाहिली होती.

आमचं मैदान म्हणजे पुळण. पाणी उतरलं की मैदान, चढलं की समुद्र. मॅचआधी तुकाराम पाण्याच्या बाजूला ओल्या वाळूत अकरा पांढऱ्या शिंपल्या उताण्या मांडायचा, एकेका खेळाडूची एकेक. मग शेजारी बसून राहायचा. कुणाला बाहेर काढायचं असलं की ओरडत नसे. त्याची शिंपली उपडी करायचा. तो गडी मान खाली घालून यायचा आणि त्याच्या बाजूला बसायचा. कारण विचारायची सोय नव्हती. माझा धाकटा भाऊ सुदेश तेव्हापासून आमचा गोली. एकदा समोर पेनल्टी लागलेली असताना शिंपली उपडी दिसली, तर तो हूं का चूं न करता गोल सोडून गेला होता.

तिसऱ्या रविवारी मी हेच काढलं. टीमचे अकराही जण समोर होते, मत त्यांचंच होतं.

"कप सोडा," मी म्हटलं. "आज जर येवन तुकारामान शिंपली उपडी केल्यान, तर तुमच्यातलो कोण मैदानात रवतलो?"

मग सुदेश म्हणाला, "माझ्यान रवाक जावचा नाय," आणि त्याने हात वर केला. पाठोपाठ दहा हात वर झाले आणि चषक तुकारामच्या नावाचा ठरला. लवूला गप्प केलं म्हणून मला उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी फोटो मागायला तुकारामच्या घरी गेलो. त्याची बायको चंद्रावती अंगणात बांगडे सुकत घालत होती. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आठ वर्षं तशाच.

"तो कप मेलेल्यांचो," ती म्हणाली. "माझो घोव मेलो असा तुमका कोणी सांगल्यान?"

तिने एक बांगडा उलटा केला.

"तेका मोठो केलास, भावजीनू. आता तो टीम बघूक येतलो."

फोटो तिने दिला नाही.

मंगळवारी सुकतीला मी रविवारच्या चषकाच्या मॅचसाठी गोलपोस्टची जागा मोजायला गेलो. पाणी नुकतंच उतरलं होतं. वाळूवर माझ्याखेरीज कुणाचं पाऊल नव्हतं. पाण्याच्या बाजूला अकरा पांढऱ्या शिंपल्या मांडलेल्या होत्या. लवूची मस्करी, मला वाटलं. सवयीने टेप लावला आणि तुकारामच्या वेळी वहीत काढलेल्या शिंपल्यांच्या आकृतीशी अंतरं ताडून पाहिली. बोटाचाही फरक नव्हता. मी त्या पायाने विस्कटल्या.

बुधवारी मी आधीच जाऊन उभा राहिलो. लाट मागे सरली आणि तिच्याखालून शिंपल्या निघाल्या, उताण्या, ओळीत. एक उचलून आत बोट फिरवलं. आतून ती कोरडी होती.

शुक्रवारी गोलीची शिंपली उपडी होती.

मी ती सरळ केली. टेप खिशात घालेपर्यंत ती पुन्हा उपडी. मी ती दूर समुद्रात फेकली. शनिवारी तिच्या जागी दुसरी, उपडीच. त्या दिवशी मी लवूच्या हातापाया पडलो आणि चषकाच्या बोर्डावर तुकारामच्या जागी भाई सरांचं नाव घालून घेतलं. तिथून चंद्रावतीकडे गेलो. म्हटलं, तुम्ही तरी त्याला सांगा.

"माझा तेना कधी ऐकल्यान?" ती म्हणाली.

सुदेशला म्हटलं, उद्या खेळू नकोस. तो हसला. "गोलीशिवाय मॅच खंयची, दादा?"

रविवारी सकाळी मॅच सुरू झाली. मी पहाटेच सगळ्या शिंपल्या गोळा करून पोत्यात भरल्या होत्या आणि गोलीच्या शिंपलीच्या जागेवर अनवाणी उभा होतो, दोन्ही पाय रोवून. मध्यांतरापर्यंत काही झालं नाही. मला वाटलं, जिंकलो.

मग तळव्याखाली काहीतरी हळूच कलंडलं.

सुदेशने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूला.

त्याने ग्लोव्हज काढले, पोस्टच्या बुडाशी नीट ठेवले आणि मान खाली घालून चालत आला. माझ्यासमोरून पाण्यात गेला आणि बसला. बाजूला एका माणसाची जागा सोडून.

मी धावलो, त्याच्या काखेत हात घातले. माझा भाऊ साठ किलोचाही नाही. तो हलेना.

"ऊठ, सुदेश. भरती लागली."

"कोचान बसूक सांगल्यान, दादा."

पाणी त्याच्या कमरेला आलं. त्या रिकाम्या जागेशी येऊन लाट दुभंगत होती. मी ओढत होतो, रडत होतो.

चंद्रावती किनाऱ्यावर कधी आली, कळलं नाही. ती गुडघाभर पाण्यात उतरली होती.

"विचार रे बाबा तेका," ती सुदेशला म्हणाली. "घराक कधी येतलो?"

सुदेशने त्या बाजूला मान वळवली. थोडा वेळ ऐकलं.

"म्हणता, आणखी धा जण होये."

मी मागे वळून पाहिलं. खेळ थांबला होता. चेंडू वाळूवर एकटाच पडला होता, आणि आमचे दहाही जण मान खाली घालून पाण्याकडे चालत येत होते.