पांढऱ्या अळ्यांचे निदान

तुतीचा पाला टाकायला गेलेली इरावती तिसऱ्या रॅकपाशीच थबकली. परवापर्यंत भराभर पाला फस्त करणाऱ्या रेशमाच्या अकरा अळ्या खडूसारख्या पांढऱ्या, कडक होऊन पडल्या होत्या.

२०५८ सालचा भाद्रपद होता. सुमनआत्या दहा दिवसांसाठी परगावी गेली होती आणि अळ्यांची शेड तिने बारा वर्षांच्या इरावतीवर सोपवली होती. सोबतीला होता 'परख' नावाचा यंत्रमानव.

"माझ्या घशाला दिलं होतं ना, ते प्रतिजैविक पाल्यावर फवारू?" इरावतीने विचारले.

"ते जिवाणूंवर चालतं. हे जिवाणूच आहेत, असं कोणी सांगितलं?" परख म्हणाला. "आधी रोग ओळखू. पेब्रिन नावाचा अळ्यांचा साथीचा रोग निघाला, तर मात्र सगळ्या अळ्या जाळाव्या लागतील. तो अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो."

इरावतीने रॅकांच्या रांगांवरून नजर फिरवली. शेडमध्ये चाळीस हजार अळ्या होत्या.

परखने मेलेल्या अळीवरची पांढरी भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. भिंतीवर चित्र उमटले.

"काय दिसतं तेवढंच सांग. नाव मागाहून."

"दोरे. फांद्या फुटलेले. त्यांवर मण्यांसारखे गोळे."

"आता वर्गीकरण (लक्षणांवरून गट पाडणे) करू. विषाणूला स्वतःची पेशीच नसते. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय तो वाढत नाही, आणि इतका बारीक की इथे दिसलाही नसता. जिवाणू म्हणजे बहुधा एकच पेशी, तीही केंद्रक (आनुवंशिक द्रव्य सांभाळणारी पेशीतली बंद खोली) नसलेली. आणि असे दोरे..."

"शिळ्या भाकरीवर येतात. ही बुरशी आहे. मणी म्हणजे बीजाणू (ज्यांतून नवी बुरशी उगवते ते कण)." इरावती म्हणाली. "पण ही अळीला खाऊन जगते. मग परजीवी झाली ना?"

"दोन्ही झाली. बुरशी हे कुळ, परजीवी ही राहणी. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा कुठल्याही कुळातला असू शकतो. पेब्रिनच्या जंतूला पूर्वी आदिजीवांत (प्राण्यांसारख्या एकपेशीय जिवांत) धरायचे. नंतर तो बुरशीचा नातलग निघाला."

"म्हणजे तोही इथे असू शकतो?"

"म्हणूनच प्रत्येक रॅकमधली एक अळी नमुन्याला घेऊन तपासू."

दुपारपर्यंत दोघांनी सगळे रॅक पाहिले. पेब्रिनचे चकचकीत अंडाकृती बीजाणू कुठेच नव्हते.

"मग बुरशी आली कशी?"

"तिचे बीजाणू हवेतून येतात. ओल मिळाली की रुजतात."

इरावतीने मान खाली घातली. "पाच-सहा दिवसांपूर्वी पाला ओलाच टाकला मी. गारठा होता म्हणून खिडक्याही लावल्या."

"मग उपायही तुलाच ठाऊक आहे," परख शांतपणे म्हणाला.

तिने खिडक्या उघडल्या, मेलेल्या अळ्या वेचून दूर नेऊन जाळल्या, उरलेल्यांवर ओल शोषणारी चुन्याची भुकटी भुरभुरली. पाला पंख्याखाली सुकवूनच टाकू लागली. पुढच्या दोन-तीन दिवसांत आणखी नऊ अळ्या गेल्या. त्यानंतर एकही नाही.

आत्या आली तेव्हा तिने चपला काढायच्या आत इरावतीने सगळे सांगून टाकले, ओल्या पाल्यासकट. आत्याने तिसऱ्या रॅकवरून हात फिरवला. "अळ्या बऱ्या आहेत. उद्या-परवा कोष विणायला लागतील."

"आत्या, विषाणूला पेशी नसते. मग तो जिवंत म्हणायचा का?"

"त्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही."

इरावतीला ते ऐकून बरे वाटले. शोधायला अजून बरेच शिल्लक होते.