क्रमाने लावा

शाळेत टॅबलेट आले तेव्हा सगळ्यात जास्त कटकट मीच केली. पोरांना पेन्सिल धड धरता येत नाही आणि यांच्या हातात काच द्या! पण हेडबाईंपुढे कोणाचं चालतं? तिसरीच्या माझ्या वर्गात टॅबलेटचा तास सुरू झाला.

त्यातला एक धडा मात्र मलाही आवडायचा. काही चित्रं उलटसुलट यायची. मुलांनी ती बोटाने सरकवून गोष्टीच्या क्रमाने लावायची. चुकलं की चित्रं थरथरायची, बरोबर आलं की टाळ्या वाजायच्या.

माझी भाची याच वर्गात. बहीण गेली तेव्हापासून माझ्याकडेच असते. घरी मी मावशी, शाळेत बाई. तिचा गुडघा खरचटला तरी मी दहादा फुंकर घालते. पण वर्गात लाड नाहीत.

त्या दिवशी ती नुसतीच बसली होती.

"काय गं, डुलकी लागली का?"

"बाई, यात आपले शिपाईकाका आहेत."

पाहिलं. शिडी घेऊन येणारा खाकी कपड्यांतला माणूस. तोच शिडीवर. गरगरणारा पंखा. फरशीवर रक्त.

"सगळे शिपाई असेच दिसतात," मी म्हटलं.

तिने रक्ताचं चित्र सगळ्यात आधी ठेवलं होतं. चुकलेला क्रम मला बघवत नाही, मास्तरकीची खोड. मी माझ्याच बोटाने चित्रं नीट लावली. टाळ्या वाजल्या.

शेवटच्या तासाला शिपाईकाका शिडी घेऊन आले. पंखा खडखडत होता. बटण त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत बंद केलं. ते वर पोचले आणि पंखा एकदम पूर्ण वेगाने फिरू लागला. पात्याने गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाडला. काका पाठीवर आपटले. पहिल्या बाकावरच्या वह्या लाल झाल्या. पोरं किंचाळत होती. मी बटणाकडे पाहिलं. ते बंदच होतं.

"वायरिंग जुनं आहे बाई, होतं असं," वायरमन म्हणाला. मीही तेच धरून चालले. दुसरं काय धरणार, कपाळ?

पुढच्या आठवड्यात भाची टॅबलेट पालथा घालून चक्क त्याच्यावर बसली.

"मी नाही लावणार."

"ऊठ आधी. काचेवर बसतात का, वेडाबाई?"

मी तो ओढून घेतला. एका चित्रात मी होते. माझाच चष्मा, माझीच पांढरी बट, हात वर उगारलेला. दुसऱ्यात भाची फरशीवर, डोकं फुटलेलं. तिसऱ्यात आम्ही दोघी शेजारी उभ्या, ठणठणीत.

मी ठणठणीत चित्र शेवटी ठेवलं. चित्रं थरथरली. पुन्हा ठेवलं. पुन्हा थरथरली.

"बाई, सोपं तर आहे," पलीकडच्या बाकावरची हुशार मुलगी म्हणाली.

तिच्या टॅबलेटवरही तीच चित्रं होती. सगळ्यांच्याच होती. आणि तिचं बोट रक्ताचं चित्र शेवटी न्यायला निघालं होतं.

"हात लावू नकोस!"

मी झडप घातली. पोरगी सोडेना. मी तिच्या बोटांवर फटका मारला, टॅबलेट हिसकावला आणि भिंतीवर फोडायला डोक्यावर उगारला.

"मावशी, नको!"

ती मागून कधी आली, कळलंच नाही. माझा हात खाली आला होता.

टॅबलेटचा कोपरा तिच्या कपाळात घुसला. नारळ आपटल्यासारखा आवाज झाला.

ती फरशीवर पडली. रक्त माझ्या चपलांपर्यंत आलं.

मग वर्गातल्या सगळ्या टॅबलेटमधून टाळ्या वाजल्या.

"वाचली," संध्याकाळी डॉक्टर म्हणाले. मी कॉटपाशी खुर्ची ओढून बसले आणि ओक्साबोक्शी रडले. माझ्या हाताने, देवा, माझ्याच हाताने! तिच्या आईला मी काय तोंड दाखवू?

तिने डोळे उघडले.

"बाळा, मावशीला माफ कर गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खोलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही चुकीच्या जागी बसलात."

"अगं, इथे कुठली बाई? मी मावशी..."

तिने पांघरुणावर एक बोट टेकवलं आणि हळूच डावीकडे सरकवलं.

माझी खुर्ची फरशीवर करकरत डावीकडे सरकली. मी पाय रोवले. थांबली नाही. थेट खिडकीपर्यंत गेली.

खिडकी उघडी होती, खाली तीन मजले. तिचं बोट अजून पांघरुणावरच होतं.