मागची सीट

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, असं मी म्हणणार नाही. हे घडलेलं आहे. ज्याच्या घरात घडलं तो तौसीफ आजही जऊळक्यात राहतो. स्टेशनच्या रस्त्याला त्याचं घर, आणि घराला लागूनच गेट-ग्रिलचं वेल्डिंगचं दुकान. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की हसत उठून जाणारा माणूस.

आता तो हसत नाही.

गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. सोयाबीन निघून गेलं होतं, तूर फुलावर होती. दिवस लवकर मावळायचे.

घरात तिघंच. तौसीफ, त्याची बायको तहसीन आणि आई सुलतानबी. तहसीन गावची आशाताई. कोणाचे दिवस भरत आले, कोणाला दवाखान्यात न्यायचं, सगळं तिच्याकडे. सुलतानबींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचा माणूस त्यांना नुसत्या सावलीसारखा दिसायचा.

तौसीफला एकच शौक होता. जुन्या गाड्या.

मानोऱ्याकडे एका घरी गेट बसवायला गेला असताना शेजारच्या गोठ्यात त्याला ती दिसली. कडब्याखाली अर्धी दबलेली. बुटकी मिनीबाईक! इवलीशी चाकं, फुगीर टाकी, टू-स्ट्रोक इंजिन. पन्नास वर्षांपूर्वीचा माल. तौसीफ तिथंच उकिडवा बसला आणि हातानं तिच्यावरची धूळ पुसायला लागला.

गोठा देवमनकाकांचा. सत्तरी पार केलेले, सडपातळ, कमी बोलणारे.

"माह्या बहिणीची हाय," ते म्हणाले. "दुर्गाबाईची. नर्स होती. ठेंगणी होती, म्हणून ठेंगणी गाडी घेतली. तांड्यातांड्यानं बाळंतपणं करत फिरे."

"मले देता का काका? नवी करतो. पाहून घ्या."

काकांनी गाडीवरचा कडबा हळूहळू बाजूला केला.

"घेऊन जा," ते शेवटी म्हणाले. "आता कोण चालवते तिले?"

टेम्पोत गाडी चढवताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, "बापू... सीट दोघांचीच राहीन ना?"

तौसीफला वाटलं, बहिणीची आठवण असेल.

"पाहू ना काका," तो म्हणाला.

गाडी घरी आली. रोजचं काम उरकलं की तौसीफ तिच्यापाशी बसायचा. कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये टाकला. गंजलेली टाकी आतून साफ केली. इंजिन उघडून पिस्टन, रिंगा बदलल्या. पॉलिश पेपर मारून मारून बोटांची सालं निघाली. पण चेहरा खुललेला.

एकच गोष्ट त्याला कळत नव्हती.

गाडी लोटताना जड लागायची. फार जड. मागच्या टायरात हवा भरलेली असायची, तरी टायर दबलेलं दिसायचं...

जसं कोणी बसलेलं आहे.

मग त्यानं सीट उसवली. दोघांची लांब सीट. पुढं, चालवणारा बसतो तिथला फोम जेमतेम दबलेला. मागचा मात्र चपटा होऊन पार पत्र्याला चिकटलेला. आणि खालचा पत्राही वाकलेला.

बाई तर एकटीच फिरायची. मग मागं इतकं कोण बसलं?

तौसीफनं फार विचार केला नाही. त्याच्या डोक्यात गाडीचं चित्र तयार होतं. उंच हँडल, गोल छोटा मीटर, लाल रंग आणि एकट्याचीच सीट. त्यानं ग्राइंडर घेतला आणि चेसिसचा मागचा भाग कापून टाकला.

"मंग मी कुठं बसू?" तहसीन दारातून हसली.

"तुह्यासाठी मोठी गाडी हाय ना."

कापलेला तुकडा खाली पडला. तौसीफनं गाडी बाजूला सरकवली...

गाडी एकदम हलकी. फुलासारखी.

जसं कोणी उतरलं.

रंग वाळला, त्या संध्याकाळी त्यानं पहिली किक मारली. दुसऱ्याच किकला इंजिन बोललं. तौसीफ लहान पोरासारखा ओरडला. रेल्वे फाटकापर्यंत चक्कर मारून परत आला. गल्लीतले लोक बाहेर येऊन पाहत होते.

अंगणात सुलतानबी खाटेवर बसल्या होत्या.

"काहून रे," त्या म्हणाल्या, "इतका वेळ माह्यापाशी बसला, तोंडातून एक शब्द नाही काढला?"

"मी? मी तर आत्ता येऊन राह्यलो, अम्मी."

"मंग हे कोण बसलं हाय?"

त्यांनी शेजारी हात दाखवला.

खाट रिकामी होती.

पण खाटेची नवार तिथं खाली गेली होती. खोल...

आणि तौसीफच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली.

त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. अम्मी घाबरतील, तहसीन हसेल. पण त्या दिवसापासून घर बदललं. दुकानातलं स्टूल कुरकुरायचं. वळून पाहिलं तर कोणी नाही. जेवायला तिघं चटईवर बसले की चौथ्या बाजूची चटई काही केल्या सरळ व्हायची नाही. मधूनच ओल्या चिखलाचा वास यायचा. नाल्याकाठी येतो तसा. अंगण मात्र कोरडं ठणठणीत.

आणि हे सगळं दिवेलागणीच्या वेळीच.

"मगरिबच्या टायमाले दारात उभी नको राहत जाऊ," सुलतानबी सुनेला म्हणाल्या. त्यांना काय जाणवलं होतं, त्यांनाच ठाऊक.

एके दिवशी तौसीफ रिसोडला ग्रिल बसवायला गेला होता. परतला तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. घराचं दार सताड उघडं. चुलीवर चहा उकळून उकळून करपलेला.

"तहसीन कुठं गेली, अम्मी?"

"कोणीतरी बोलवाले आला होता. बाळंतीण अडली म्हणे. गेली त्याच्यासंग."

"कोण होता?"

"मले काय दिसते, बाबा? पण एक सांगू..." सुलतानबींचा आवाज बारीक झाला. "आशाताई नाही म्हणला तो. नर्सबाई म्हणला. नर्सबाई, चला, म्हणे."

तौसीफनं फोन लावला. रिंग घरातच वाजली. फोन फळीवर पडलेला.

तो पळतच निघाला. फाटकाजवळ केळीवाल्यानं हात दाखवला. "भाबी रुळाकडं गेली ना. एकटीच होती. पण बोलत चालली होती."

एकटीच.

रुळांच्या कडेनं तौसीफ धावायला लागला. खडी पायाखालून सरकत होती. अजून थोडा उजेड होता. त्या उजेडात त्याला तहसीन दिसली. खांद्याला पिशवी, डोक्यावर ओढणी. दोन रुळांच्या मधून चालली होती. झपाझप. मान किंचित वळवलेली, शेजारी चालणाऱ्याचं ऐकावं तशी.

शेजारी कोणी नव्हतं.

"तहसीन!"

ती वळली नाही.

"तहसीन, थांब!"

तिनं मान डोलावली. पण त्याच्या हाकेला नाही. दुसऱ्याच कोणाच्या बोलण्याला.

आणि समोरून हॉर्न वाजला.

मालगाडी.

इंजिनाच्या दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. तरी ती चालतच होती. तौसीफ सांगतो, त्या घडीला आपण पाय कसे उचलले ते त्याला आठवत नाही. त्यानं तिला कमरेला धरलं आणि दोघं खडीवरून खाली गडगडले. डबे धडधडत जात राहिले. जमीन हलत राहिली.

गाडी गेली. शांतता झाली.

तहसीन उठून बसली. कपाळातून रक्त येत होतं, पण ती रुळांच्या पलीकडं पाहत होती.

"ते दादा कुठं गेले?" तिनं विचारलं. "रस्ता इकडूनच हाय म्हणत होते. त्याईची बायको अडली हाय हो..."

"कोण दादा? कसा होता?"

ती आठवायला लागली. आणि मग तिनं तौसीफची बाही घट्ट धरली.

"तोंडाले दुपट्टा बांधून होता," ती म्हणाली. "त्याच्या आत... मी पाह्यलंच नाही. मले पाहावंसंच नाही वाटलं."

दुसऱ्या दिवशी तौसीफ देवमनकाकांच्या दारात उभा होता. काकांनी त्याचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "सीट कापली?"

तौसीफनं होकारार्थी मान हलवली. काका मटकन ओट्यावर बसले.

"दिवेलागणीलेच आला होता," ते सांगायला लागले. "दुपट्टा बांधेल माणूस. नर्सबाई, चला, बायको अडली म्हणे. तांड्याचं नाव सांगतलं. दुर्गानं पिशवी घेतली, त्याले मागं बसवलं अन् गेली. मी दारातच उभा होतो. सकाळी तांड्याचा नाईक हरिसिंग गाडी लोटत घेऊन आला. नाल्यापाशी उभी होती म्हणे, स्टँडवर. इंजिन चालूच."

"अन् बाई?"

"नाल्यात पाह्यलं, विहिरी उपसल्या. नाही सापडली. अन् तांड्यावर, बापू... तांड्यावर कोणाचं बाळंतपणच नव्हतं. कोणी बोलवालेच नव्हतं धाडलं."

गोठ्यात एक गाय हंबरली. दोघंही दचकले.

"तो माणूस कोण होता, आमाले माहीत नाही. पण गाडीसंग तो वापस आला. मागच्या सीटवर बसून राहे. कोणाले काही करे नाही. बसून राहे फक्त. आमी गाडी जाळली नाही, विकली नाही. त्याची बसाची जागा गेली तर तो कुठं जाईन, याचंच भेव होतं."

"मंग मले काहून देली?" तौसीफ ओरडला.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी मेल्यावर पोरं भंगारात तोडतीन, म्हणून देली. तू नवी करतो म्हणला. मले वाटलं, जपशीन."

तौसीफ घरी आला. कापलेला तुकडा अजून कोपऱ्यात होता. त्यानं तो जागेवर जोडला, वेल्डिंग मारलं, नवा फोम टाकून दोघांची लांब सीट बनवली. तहसीन आणि अम्मी मधल्या खोलीत एकमेकींना बिलगून बसल्या होत्या.

दिवे लागले. तौसीफ गाडीकडं टक लावून उभा राहिला.

बराच वेळ काही झालं नाही.

मग नव्या रेक्झिनला सुरकुती पडली... सीट मागून दबली. टायर खाली बसलं.

गाडी परत जड झाली.

सकाळी त्यानं ती टेम्पोत घातली आणि देवमनकाकांच्या गोठ्यात नेऊन उभी केली. वर कडबा रचला. काका हात जोडून उभे राहिले.

त्यानंतर घर शांत झालं. चटई सरळ राहायला लागली. तहसीनची जखम भरली, ती पुन्हा कामाला लागली. सुटलो, असं तौसीफला वाटलं.

उन्हाळा लागता लागता तो वाशिमला एका शाळेचं गेट बसवत होता. संध्याकाळ झाली होती. तहसीनचा फोन आला. आवाज वैतागलेला.

"असं काय करून राह्यले तुमी? आत या ना. दाराबाहेर उभं राहून आवाज काहून देऊन राह्यले?"

तौसीफच्या हातातला पाना गळून पडला.

"तहसीन... मी वाशिमले हाय."

पलीकडून फक्त तिचा श्वास.

आणि मग त्या श्वासाच्या मागून, लांबून, फोनमध्ये तौसीफला त्याचाच आवाज ऐकू आला. हुबेहूब. लाडानं हाक मारणारा.

"तहसीन... चल ना."

तिनं दार उघडलं नाही. शेजारचे लोक येईपर्यंत सुलतानबींनी तिचा हात सोडला नाही. बाहेर कोणी सापडलं नाही. सकाळी तौसीफनं गोठ्यात जाऊन कडब्याखालची गाडी लोटून पाहिली, तर ती फुलासारखी हलकी होती.

तिघं अजून त्याच घरात राहतात. जाणार तरी कुठं? तौसीफ आता कोणाला बाहेरून हाक मारत नाही. आणि अंधार पडायच्या वेळी तो घरातच, समोरच बसलेला असला, तरी तहसीन आधी त्याच्या चेहऱ्याला हात लावून पाहते.

मगच त्याच्याशी बोलते.