आतून बसलेला घाव

चकमकीचा दगड फोडण्याआधी वाजवून बघावा लागतो. हातोडीनं हलकेच टकटक केलं की चांगला दगड काचेच्या पेल्यासारखा खणखणतो. आत चीर असेल तर बद्द बोलतो. वहिनीचा कान त्यात तयार होता, पण मनगटानं दगा दिला होता. नगरभवनाच्या भिंतीचे चौकोनी दगड घडवायचे, मग हातोडी खाली ठेवायची, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

चकमक सापडते त्या खडूच्या खाणीतून नवा माल आला. वहिनीनं डोक्याएवढा एक गोटा मांडीवरच्या चामड्यावर घेतला, वाजवला आणि जपूनच घाव घातला. गोटा सरळ दुभंगला. मनगटात कळ नाही की काही नाही! पुढचाही तसाच. दुपारपर्यंत ती चक्क गुणगुणायला लागली.

"वहिनी, हात परत आला की गं तुझा!" चहा घेऊन आलेली नणंद म्हणाली. कारखाना दोघींचा, घडवायचं वहिनीनं, विकायचं नणंदेनं.

"दगडच गुणाचे आहेत."

आठवडा असा मजेत गेला. मग एकदा उन्हात दगड निवडताना वहिनीचा हात थबकला. चकमकीवर घाव बसतो तिथून लाटा उमटतात, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. त्या कडेपासून सुरू व्हायला हव्यात. इथं प्रत्येक दगडात त्या मधोमध सुरू होऊन बाहेर पसरल्या होत्या.

तिनं नणंदेला दाखवलं. "हा घाव आतून बसलाय."

"आत कोण बसलंय हातोडी घेऊन? समुद्राच्या तळाशी, चिखलात साकळत साकळत झालेला दगड हा. तेव्हा माणसाचा पत्ता तरी होता का?"

"कुणी का असेना," वहिनी हसली. "माझं मनगट वाचलं."

नणंद मात्र हसली नाही. कप उचलून आत गेली.

वहिनीनं पुढचा गोटा मांडीवर घेतला. वाजवला. खणखणीत.

घाव घातला नाही. हातोडी बाजूला ठेवली आणि वाट बघत बसली.

ठण्.

गोटा मांडीवरच उघडला. मध्ये मुठीएवढी पोकळी. असते कधीकधी, खडूची भुकटी निघते त्यातून. ही स्वच्छ होती, रिकामी.

तिनं आत बोटं घातली.

दगड कोमट होता, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा.