पाणदरवाज्याचे दगड

मोहागडाच्या दरीत उतरायचं, पाणदरवाज्याचे कोसळलेले दगड शोधायचे आणि एकही दगड वर न आणता सगळा दरवाजा वर आणायचा, असा तो बेत होता.

मोहागड म्हणजे सातपुड्यातला किल्ला. तेल्हाऱ्याच्या शिवारातून तो निळसर दिसतो. त्याच्या पश्चिम कड्यावरच्या पाणदरवाज्याची अर्धी कमान आदल्या पावसाळ्यात मातीसकट दरीत गेली होती. उरलेली अर्धी कशाच्या आधारानं उभी आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

सबीहा अकोल्याच्या जुन्या शहरातली. जुन्या इमारती जपणं हा तिचा विषय, आणि अमरावतीच्या एका कॉलेजात ती तोच शिकवायची. हिवाळ्यात तिनं उभ्या कमानीचे सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढले आणि संगणकात ते जुळवून कमानीचं त्रिमितीय रूप तयार केलं. पडद्यावर ते कसंही फिरवा, छिन्नीचा घाव न् घाव दिसायचा. पण डावीकडे नुसतं भगदाड! दुरुस्तीची जबाबदारी असलेल्या समितीचं म्हणणं सरळ होतं. खाली पडलेल्या दगडांचा चुरा झाला असणार, तेव्हा उभी बाजूही उतरवून घेऊ आणि नवी कमान बांधू.

"आणि दगड शाबूत असले तर?" सबीहानं विचारलं होतं.

"तर दाखवा," उत्तर आलं. पुढची बैठक आठवड्यावर होती.

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. जेवताना उठायची, शिकवताना खिडकीशी जायची. रात्री तेच भगदाड पडद्यावर फिरवत राहायची.

ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष. बोंडं फोडली की आत कापसाऐवजी अळी. होळीच्या आधीच शिवारं रिकामी झाली होती आणि लग्नं घरच्या घरी उरकली जात होती. सबीहाचा मामेभाऊ शाहनवाज लग्नात ड्रोननं शूटिंग करायचा. त्याचं ड्रोन दोन महिने पेटीत पडून होतं. "आपा, वरातीऐवजी दगड तर दगड," म्हणत तो तयार झाला. तिसरी आकांक्षा. तेल्हाऱ्याची, शेतकऱ्याघरची, अकोल्यात पोरांना गिर्यारोहण शिकवणारी. दोर, कड्या, गाठी हे तिचं खातं. किल्ल्याच्या पायथ्याच्या पिंपळढाण्याहून देवमन सोबतीला आला. तो कोरकू आदिवासी, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. वनखात्याची परवानगी त्या एका दिवसाची होती. अंधार पडायच्या आत जंगलाबाहेर!

पहाटे ते गडाच्या बगलेतून सुकलेल्या नाल्यात शिरले. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. नाला पुढं एकदम तुटला. पावसाळ्यात जिथून धबधबा पडतो, तिथं आता काळा, गुळगुळीत, सरळसोट कडा होता, दोन मजली घराएवढा. आकांक्षानं दोर एका जुन्या अंजनाच्या बुंध्याला बांधला, दोनदा हिसडून पाहिला.

"खाली पाहू नोका. पाय भिंतीले लावा अन् मांगं झुका," ती म्हणाली. "घाबरले त भिंतीले चिपकसान. मंग सालटी निघतीन."

शाहनवाजची सालटी निघालीच. कोपर चोळत तो खाली पोचला, तेव्हा सबीहा पुढं पळालीसुद्धा होती.

दगडांचा तो रानटी ढीग पाहून मात्र तिचे पाय थबकले. घरंगळलेली माती, उन्मळलेली झाडं, हत्तीएवढ्या शिळा. यात कमानीचे दगड ओळखायचे कसे? चौघं वाकून, रांगून शोधू लागली. मग आकांक्षाची हाक आली. एका शिळेखालून दगडात कोरलेल्या कमळाची अर्धी पाकळी डोकावत होती. सबीहानं ब्रशनं माती झाडली. कडा धारदार, कोपरा शाबूत. चुरा झाला नव्हता!

मग कामाला जोर चढला. दगडावर कडक ऊन पडलं की सावल्या फोटोत घाव असल्यासारख्या दिसतात आणि संगणक फसतो. म्हणून देवमन आणि आकांक्षा दोन टोकांनी मोठी पांढरी चादर ताणून धरायची आणि त्या सावलीत सबीहा दगडाभोवती फिरत, वाकत, झोपत फोटो काढायची. बाजूला मोजपट्टी ठेवलेली. खालची बाजू दिसावी म्हणून शाहनवाज पहारीनं दगड तिरपा करायचा. एक झाला की पुढचा. पाणी प्यायलाही ती थांबेना.

दुपारी देवमननं अचानक चादर सोडली आणि ओठांवर बोट ठेवलं. खालच्या डोहाशी एक अस्वल पाणी पीत होतं. पाठीवर पिल्लू. चौघं शिळेआड दबून बसली. अस्वलानं नाक वर केलं, हवा हुंगली, पुन्हा पाणी प्यायलं. मग पिल्लू उतरलं आणि निवांत खेळायला लागलं! सबीहा कॅमेऱ्याचं झाकण काढत होती, लावत होती. ऊन कड्यावर चढत चाललं होतं.

"बाई, हात थांबवा," देवमन पुटपुटला. "आवाज होऊन राहिला."

अस्वल गेलं तेव्हा दिवसाचा चांगला तुकडा वाया गेला होता. पडलेले जवळजवळ सगळे दगड सापडले होते. एकच राहिला. कमानीच्या माथ्यावरचा, दोन्ही बाजूंना पेलून धरणारा कळीचा दगड. ढिगात तो नव्हता.

"वर अडकला असन," शाहनवाज कड्याकडे पाहत म्हणाला. "ड्रोन उडवू का? दोन मिनिटांत सापडन."

देवमननं मान वर केली. बाहेर झुकलेल्या कड्याखाली आग्यामोहोळाची पोळी लटकत होती. काळपट, सुपाएवढी, एकाला लागून एक.

"त्याईच्या जवळ ते भिंगरं नेऊ नोका," तो म्हणाला. "आमी तिकडे शिट्टीबी मारत नाई."

सबीहानं पोळ्यांकडे पाहिलं, मग ओसरणाऱ्या उजेडाकडे. "लांबूनच," ती म्हणाली. "एकच फेरी."

ड्रोन गुणगुणत वर गेलं. शाहनवाज उघड्या खडकावर उभा, नजर हातातल्या छोट्या पडद्यावर. सबीहा त्याच्या खांद्यावरून पाहत होती. गवत, कपार, पुन्हा गवत. आणि मग एका अरुंद टप्प्यावर पालथा पडलेला, पाचरीच्या आकाराचा दगड. तोच!

"जरा जवळ घे," ती म्हणाली.

ड्रोन जवळ गेलं. कड्याखालचं एक पोळं थरथरलं. माश्यांच्या काळ्या थरावरून उजळ पट्टा सरकत गेला. मग दुसरं थरथरलं. मग सगळा कडाच घोंगावला!

"पळा!" देवमन ओरडला.

ड्रोन माश्यांच्या ढगात दिसेनासं झालं आणि दरीत कोसळलं. ढग खाली वळला. देवमननं सबीहाला कपारीत ओढलं. आकांक्षा तिथंच होती. शाहनवाज उलट्या दिशेला पळाला. डोक्याभोवती हात झाडत. दोन शिळांच्या फटीत त्याचा पाय गेला. तो आडवा झाला. उठता येईना.

"हात झाडू नोको! तोंड झाक!" आकांक्षा हाका मारत होती. त्याला ऐकू जात नव्हतं.

"धूर करा," सबीहा म्हणाली. "काडेपेटी कुठाय?"

"फागुनातलं रान हाय बाई," देवमन म्हणाला. "एक ठिणगी पडली त आपुन चौघंबी गेलो, अन् गावबी गेलं."

सबीहानं पांढरी चादर उचलली, डोक्यावरून घेतली आणि निघाली. आकांक्षा मागून शिरली. चादरीवर गारा पडाव्यात तशा माश्या आदळत होत्या. कापडातून डंख बसत होते. पाठीत. मानेवर. ओठावर. शाहनवाजपाशी पोचताच त्यांनी चादर त्याच्यावर ओढली. त्याचे डोळे मिटत चालले होते, ओठ सुजले होते.

"आपा... श्वास..." तो म्हणाला.

आकांक्षानं बुटाची नाडी कापली आणि पाय बुटातून सोडवला. चादरीखाली तिघं वाकून, एकमेकांना धरून चालू लागली. दर दोन पावलांवर ठेच. धबधब्याच्या कड्याच्या अलीकडे दरी वळली आणि घोंगावणं हळूहळू मागं पडलं. देवमन झाडीतून फेरा मारून, अंगावर डंख झेलतच तिथं पोचला होता.

शाहनवाजला दोनदा उलटी झाली. त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. वर कड्याच्या टप्प्यावर तो दगड अजून दिसत होता. चादर होती, कॅमेरा गळ्यात होता. झाडीच्या बाजूनं चढता आलं असतं कदाचित, आणि बैठक चार दिवसांवर होती. सबीहानं एकदाच वर पाहिलं आणि कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"दोर," ती म्हणाली.

आकांक्षा आधी चढली. वरून तिनं दोर अंजनाभोवती फिरवून घेतला. देवमनच्या धोतराची आणि आकांक्षाकडच्या पट्ट्यांची झोळी करून शाहनवाजला तीत बांधलं. वरून आकांक्षा आणि देवमननं ओढायचं, खालून सबीहानं खांदा द्यायचा. दोर करकरला. एकदा तो हातभर घसरला! आकांक्षाचे तळवे सोलवटले, पण दोर सुटला नाही. सूर्य टेकत असताना शाहनवाज वर आला. पिंपळढाण्यातून जीप धुरळा उडवत अकोटला निघाली. सबीहा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. प्रत्येक वळणावर त्याचा श्वास ऐकत होती.

अकोटच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. सकाळी शाहनवाजचा एक डोळा किलकिला झाला.

"मी जवळ घे म्हणाले," सबीहा म्हणाली. "देवमननं सांगितलं होतं, तरी."

"सापडला होता ना पण?" त्यानं विचारलं. "मी नीट पायलंच नाई, आपा."

"सापडला होता. राहू दे आता तो."

त्याच्या खाटेशेजारी लॅपटॉप ठेवून तिनं दगड जुळवायला घेतले. तुटीच्या कडा एकमेकींत बसू लागल्या. दरीत विखुरलेली कमान पडद्यावर दगडामागून दगड चढत गेली. माथ्यावर एक जागा रिकामी राहिली. तिथं तिनं नुसता करडा आकार ठेवला.

बैठकीत समितीतले लोक खुर्च्या पुढं ओढून पाहू लागले. एकानं विचारलं, "एवढं केलंत, मग माथ्यावरचा दगड करडा का? शेजारच्या कमळांवरून तोही काढता येईल की."

"काढता येतो," सबीहा म्हणाली. "पण त्या दगडाची कोरीव बाजू मी पाहिलेली नाही. जे पाहिलं नाही ते करडं. दगड आहेत, शाबूत आहेत, एवढं मात्र आता तुम्हीही पाहिलंत."

बराच खल झाला. शेवटी उभ्या कमानीला लाकडी टेकू द्यायचे आणि पाऊस उघडल्यावर जुने दगड वर काढायचे, असं ठरलं.

पावसात माश्या कडा सोडून गेल्या. पाऊस उघडताच, त्या परतायच्या आत, चौघं पुन्हा गेली. बरोबर कामगार होते, साखळीची कप्पी होती. आकांक्षा दोरावरून टप्प्यावर उतरली. शाहनवाज यावेळी कोणाला न विचारता देवमनच्या शेजारी उभा राहिला. साखळी ताणली गेली. पालथा दगड हलला, कण्हल्यासारखा आवाज झाला आणि तो उताणा झाला.

कमळ होतंच. पण त्याची एक पाकळी वेगळ्या दगडाची होती, किंचित फिकट. भोवती शिशाची काळी रेघ. फार पूर्वी कधीतरी हा दगड फुटला होता आणि कोणीतरी शिसं ओतून तुकडा बसवला होता. इतका जपून, की खालून जाणाऱ्या कोणाला तो कधी दिसलाच नसता.

"म्हंजे आपल्या आधीबी कोणी याले जोडलं होतं," देवमन म्हणाला.

सबीहानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग ती दगडाला टेकून खाली बसली.

"आपा, फोटो काढायचे ना?" शाहनवाजनं विचारलं. "उजेड चांगला हाय."

"काढू," ती म्हणाली. "बस जरा."